मालेमेची टेकडी आणि पालथ्या चकत्या

हवाई छत्रीदलाच्या लढाईवरील युद्धखेळ एकट्याने खेळायला बसलेला माणूस बहुधा विमानातून उडी मारणाऱ्यांची बाजू स्वतःकडे घेतो आणि जमिनीवर वाट पाहणाऱ्यांना फाशांच्या आणि तक्त्यांच्या हवाली करतो. यामागचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण उडी मारणे, भरकटणे, विखुरलेली माणसे गोळा करणे आणि कुमक येईपर्यंत तग धरणे यांतून कथा आपोआप आकार घेते. मात्र दुसऱ्या महायुद्धात ग्रीसच्या क्रीट बेटावर झालेल्या लढाईतील मालेमेचा प्रसंग दीर्घकाळ खेळल्यानंतर माझे मत नेमके याच्या उलट झाले आहे. अशा लढाईत एकट्या खेळाडूने बचाव करणाऱ्याच्या जागी बसावे, छत्रीसैनिकांना नियमांवर सोडावे, आणि त्या दिवशी त्या जागी असलेल्या अधिकाऱ्याला जितके दिसत होते तितकेच खेळाडूलाही दिसावे, अशी तजवीज खेळात असावी. माझ्याकडचा खेळ मुळात दोघांसाठी आहे: षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे आणि तक्ते. तो एकट्याने खेळण्यासाठी मी जे नियम बसवले, त्यांविषयी आणि त्यांतून त्या लढाईबद्दल जे उमगले त्याविषयी हा लेख आहे.

आधी प्रसंग थोडक्यात सांगते. एप्रिल १९४१ मध्ये ग्रीसची मुख्य भूमी जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर क्रीट बेटाचा बचाव मेजर जनरल बर्नार्ड फ्रायबर्ग यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांच्या हाताखाली ब्रिटिश, न्यूझीलंडचे, ऑस्ट्रेलियन आणि ग्रीक सैनिक होते. परंतु त्यांतील बरेचसे ग्रीसमधून जड शस्त्रे आणि बिनतारी संच मागे टाकून आलेले होते, आणि शेवटची लढाऊ विमाने हल्ल्याच्या आदल्या दिवशी बेटावरून निघून गेली होती. २० मे १९४१ रोजी सकाळी जनरल कुर्ट श्टुडेंट यांच्या छत्रीदलाने बेटावर उड्या घेतल्या. सकाळच्या लाटेचे लक्ष्य मालेमे आणि खानिया, दुपारच्या लाटेचे रेथिम्नो आणि हेराक्लिओन असे होते. मालेमेला धावपट्टी होती, आणि किमान एक तरी धावपट्टी हाती आल्याशिवाय डोंगरी तुकड्यांना विमानाने उतरवणे जर्मनांना शक्य नव्हते. धावपट्टीच्या दक्षिणेला १०७ मीटर उंचीची एक टेकडी आहे, जिचे नाव लष्करी नकाशांत तिच्या उंचीवरूनच पडले, आणि पश्चिमेला ताव्रोनितिस नदीचे रुंद, दगडगोट्यांनी भरलेले, बहुतांशी कोरडे पात्र आहे. टेकडी आणि धावपट्टी न्यूझीलंडच्या २२व्या बटालियनकडे होती. नदीच्या पलीकडे, म्हणजे पश्चिम काठावर, बचाव करणारे कोणीही नव्हते.

छत्रीसैनिकांना नियमांवर सोडणे सोयीचे आहे एवढ्यासाठीच मी तसे करते असे नाही. त्या दिवशीच्या वास्तवाशीही ते अधिक जुळते. विखुरलेले छत्रीदल ही जवळजवळ एकमेव अशी सेना आहे, जी पहिल्या काही तासांत कोणाच्याही हुकमाने चालत नाही. मालेमेला उतरलेल्या हल्ला रेजिमेंटचा प्रमुख माइंडल पहिल्याच दिवशी गंभीर जखमी झाला, ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांतून, आलेल्या एका गटाचा प्रमुख फॉन प्लेसेन मारला गेला, दुसऱ्या गटाचा प्रमुख कॉख डोक्याला गोळी लागून निकामी झाला. श्टुडेंट स्वतः अथेन्समधील हॉटेलात बसलेले होते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारी माहिती तुटपुंजी होती. जमिनीवर राहिले ते दहा-बारा जणांचे गट, आणि अशा गटापुढे फार पर्याय नसतात: शस्त्रे शोधायची, आपली माणसे शोधायची, जवळच्या गोळीबाराच्या दिशेने सरकायचे, आणि समोर भक्कम विरोध आला की आडोसा धरून राहायचे. एका कागदावर मावेल एवढ्या तक्त्याने असा गट चालवता येतो आणि तो खरा वाटतो. एखाद्या रणगाडा डिव्हिजनला असे तक्त्यावर चालवले तर ती निर्बुद्ध वाटेल, कारण तिच्यामागे विचार करणारे मुख्यालय असते आणि तक्त्याला ते नसते.

शस्त्रांच्या डब्यांचा नियम मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जर्मन छत्रीचे पट्टे पाठीमागे एकत्र येत असत, त्यामुळे उडी मारलेला सैनिक हवेत पुढे झुकून लोंबकळायचा, दोऱ्या ओढून दिशा बदलणे त्याला जमत नसे, आणि तो हातागुडघ्यांवर आदळत असे. त्यामुळे बहुतेकांजवळ उडी मारताना पिस्तूल आणि हातबाँब एवढेच असायचे. रायफली आणि मशिनगन वेगळ्या डब्यांतून, वेगळ्या छत्र्यांनी खाली यायच्या. माझ्या नियमांत प्रत्येक गटासाठी दोन सोंगट्या पडतात, एक माणसांची आणि एक डब्याची, आणि दोन्हींचे भरकटणे स्वतंत्र फाशांनी ठरते. डबा हाती येईपर्यंत गटाची ताकद नाममात्र राहते. डबा बचाव करणाऱ्यांच्या माऱ्याच्या टप्प्यात पडला असेल तर गटाने त्याच्यासाठी धाव घ्यायची की नाही, हेही फासाच ठरवतो. जर्मन मेजर शेर्बरच्या बटालियनचे काय झाले ते या एका नियमातून दिसते. मालेमेच्या पूर्वेला उतरलेल्या त्या सुमारे ६०० माणसांपैकी जवळजवळ ४०० मारली गेली, कारण ती न्यूझीलंडच्या २३व्या बटालियनच्या आणि आसपासच्या तुकड्यांच्या बंदुकांसमोर, ऑलिव्हच्या झाडांत आणि द्राक्षमळ्यांत, जवळजवळ निःशस्त्र उतरली. शेर्बरही त्यांत गेला. पूर्वेकडचे हे उतरणे मी मांडते तेव्हा नकाशाच्या त्या कोपऱ्यातील सोंगट्या सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत बहुतेक उचललेल्या असतात.

पश्चिमेकडे मात्र चित्र वेगळे असते. नदीच्या पलीकडे उतरलेल्या गटांना डबे शांतपणे उघडता येतात, जमवाजमव करता येते, पात्रातील आडोशाने पुलापर्यंत येता येते. आणि २२व्या बटालियनची खरी परीक्षा इथून सुरू होते.

तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल लेस्ली अँड्र्यू यांना पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला होता. धैर्याबद्दल शंका घ्यावी असा हा माणूस नव्हता. त्यांच्या पाच कंपन्यांपैकी डी कंपनी नदीकाठी, सी कंपनी धावपट्टीभोवती, ए कंपनी टेकडीवर, बी कंपनी टेकडीच्या आग्नेयेकडील डोंगरसोंडेवर आणि मुख्यालय कंपनी पिर्गोस गावात होती. सकाळच्या बाँबवर्षावात दूरध्वनीच्या तारा तुटल्या. ब्रिगेडशी बोलण्याचा बिनतारी संच कधी चाले, कधी बंद पडे. नदीकाठच्या आणि धावपट्टीवरच्या दोन्ही पुढच्या कंपन्यांशी अँड्र्यू यांचा संपर्क जवळजवळ पूर्णपणे तुटला होता, आणि दुपारनंतर त्या संपल्या असाव्यात असा त्यांचा समज होत गेला. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांनी आपल्याजवळचे शेवटचे साधन वापरले: दोन माटिल्डा रणगाडे आणि मूठभर पायदळ. एका रणगाड्याचा दारूगोळा तोफेत बसेना आणि त्याचा बुरूज फिरेना, म्हणून तो परतला. दुसरा पुलाखालून नदीच्या पात्रात उतरला, दगडगोट्यांत अडकला आणि त्यातील माणसांना तो सोडून द्यावा लागला. पायदळातील फारच थोडे परत आले. त्यानंतर अँड्र्यू यांनी आधी टेकडीवरून बी कंपनीच्या सोंडेवर आणि मध्यरात्रीनंतर तिथूनही मागे, शेजारच्या बटालियनांच्या रेषेत माघार घेतली.

त्या क्षणी डी आणि सी या दोन्ही कंपन्या आपापल्या जागी होत्या. त्यांची हानी मोठी झालेली होती, परंतु त्या लढत होत्या. डी कंपनीच्या कॅप्टन कॅम्पबेल यांना बटालियन निघून गेल्याची बातमी मिळाली तेव्हा ती खरी वाटेना; टेकडीवर जाऊन पाहिल्यावर ती रिकामी दिसली. सी कंपनीच्या कॅप्टन जॉन्सन यांची माणसे पहाटेपूर्वी बूट काढून, ते गळ्यात अडकवून, झोपलेल्या जर्मनांच्या जवळून निसटली. सकाळी जर्मन टेकडीवर चढले तेव्हा तिथे लढायला कोणी नव्हते. त्याच दिवशी, २१ मे रोजी, संध्याकाळच्या सुमारास तोफांचा मारा चालू असतानाच डोंगरी तुकड्यांना घेऊन युंकर्स ५२ ही वाहतूक विमाने मालेमेच्या धावपट्टीवर उतरू लागली, आणि बेटाचे भवितव्य जवळपास तिथेच ठरले.

आता नेहमीच्या पद्धतीने खेळल्यास या प्रसंगाचे काय होते ते पाहा. डी कंपनीची सोंगटी नदीकाठच्या घरात उताणी, स्पष्ट दिसत असते. तिच्यावर किती हानी झाली, हे दाखवणारी खूण तिच्या डोक्यावर असते. शेजारी जर्मनांच्या किती सोंगट्या आहेत आणि त्यांतल्या कितींना अद्याप डबा मिळालेला नाही, हेही दिसते. संध्याकाळच्या फेरीत खेळाडू हे सगळे एका नजरेत पाहतो आणि माघार घेण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. तो टेकडीवर ठाण मांडतो, रात्री डी आणि सी कंपन्यांना कुमक पाठवतो आणि सकाळी लढाई जिंकतो. मग तो म्हणतो की अँड्र्यू यांनी घोडचूक केली. हा निष्कर्ष मला फार अन्यायकारक वाटतो, कारण खेळाडूने जो प्रश्न सोडवला तो अँड्र्यू यांच्यापुढे कधी आलाच नव्हता. सोंगटीकडे पाहून निर्णय घेणारा आणि अंधारात, तारा तुटलेल्या, निरोपे परत न आलेले, अशा स्थितीत निर्णय घेणारा, हे दोघे एकाच खुर्चीत बसलेले नसतात.

म्हणून मी चकत्यांची पद्धत बसवली. एका कापडी पिशवीत एकाच मापाच्या, पाठीला काळा रंग दिलेल्या लाकडी चकत्या असतात. त्यांपैकी अर्ध्याहून अधिक कोऱ्या असतात. बाकीच्यांच्या पोटाशी हानी, दारूगोळा संपत आल्याची खूण किंवा अधिकारी पडल्याची खूण असते. एखाद्या कंपनीशी संपर्क असेल तोवर तिच्यावरील हल्ल्याचा निकाल नेहमीप्रमाणे उघडपणे लावायचा. संपर्क तुटला की त्या कंपनीची सोंगटी नकाशावरून उचलून शेजारच्या तक्त्यावर ठेवायची, आणि यापुढे तिच्यावर झालेल्या प्रत्येक हल्ल्यासाठी हल्ल्याच्या जोराप्रमाणे एक, दोन किंवा तीन चकत्या पिशवीतून न पाहता काढून तिच्याशेजारी पालथ्या रचायच्या. तिच्या आसपासच्या जर्मन सोंगट्याही नकाशावरून निघतात आणि त्यांच्या जागी 'हालचाल दिसते' एवढेच सांगणारी खूण येते. कंपनी टिकली की मोडली, हे कोणालाच कळत नाही. तक्त्यावर चालणारे जर्मन गटही तिला वळसा घालतात किंवा समोर थबकतात, कारण समोरच्या खंदकात किती माणसे उरली आहेत हे त्या रात्री त्यांनाही ठाऊक नव्हते. चकत्या उलटतात त्या तीनच प्रसंगी: संपर्क पुन्हा जुळला, निरोप्या परत आला, किंवा पहाट झाली. निरोप्या पाठवता येतो, पण वाटेत त्याचे काय होते ते फाशावर अवलंबून असते, आणि तो परतलाच तर एका फेरीपूर्वीची स्थिती सांगतो. म्हणजे त्यानंतर रचलेल्या चकत्या पालथ्याच राहतात.

संध्याकाळच्या फेरीत हे तक्त्यावर कसे दिसते ते सांगते. डी कंपनीशेजारी काळ्या चकत्यांचा एक ढीग, सी कंपनीशेजारी त्याहून थोडा लहान दुसरा. दिवसभर हे ढीग वाढत आलेले असतात, कारण जर्मनांनी नदीकाठ आणि धावपट्टी यांवरच जोर लावलेला असतो. चार हानी झाल्या की कंपनी मोडते, हे मला माहीत असते. निम्म्याहून अधिक चकत्या कोऱ्या आहेत, हेही माहीत असते. तरीही नऊ-दहा चकत्यांचा ढीग समोर असताना हात आखडतो. रणगाड्यांचा प्रतिहल्ला फसलेला असतो, टेकडीवरील ए कंपनीवर दिवसभर विमानांतून मारा झालेला असतो, आणि पहाट झाली की तीच विमाने परत येणार हे उघड असते. अशा वेळी मनात जो हिशेब चालतो तो अँड्र्यू यांच्या हिशेबाच्या फार जवळ जातो: ढीग खराखुरा मोडलेल्या कंपनीचा असेल तर पहाटे टेकडी तीन बाजूंनी वेढली जाईल आणि उरलेली बटालियनही संपेल; ढीग फसवा असेल तर मागे गेल्याने धावपट्टी फुकट जाईल. कोऱ्या चकत्या जास्त आहेत हे माहीत असूनही मी माघारीची सोंगटी हातात घेतलेली आहे, आणि तेव्हापासून मालेमेविषयी वाचताना माझा सूर बदलला आहे.

या पद्धतीने खेळल्यावर दोषाचा भार दुसरीकडे सरकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. टेकडीपासून पूर्वेला, काही किलोमीटर अंतरावरील प्लाटानियास गावात पाचव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जेम्स हारगेस्ट होते. त्यांच्या हाताशी २३वी बटालियन होती, जिने आपल्या भागातील छत्रीसैनिकांचा बराचसा निकाल दुपारपर्यंत लावलेला होता, आणि मालेमेवर संकट आल्यास प्रतिहल्ला करणे हे तिचे ठरलेले कामच होते. त्यासाठी पांढरा-हिरवा-पांढरा अशा क्रमाने प्रकाशगोळे उडवण्याचा संकेत ठरला होता. अँड्र्यू यांनी तो संकेत दिला, पण धूळ आणि धूर यांत तो कोणाला दिसला नाही. दुपारी हारगेस्ट यांनी २३व्या बटालियनला, परिस्थिती फारच गंभीर झाल्याशिवाय प्रतिहल्ल्यासाठी बोलावणार नाही, अशा अर्थाचा निरोप पाठवला होता. आणि संध्याकाळी अँड्र्यू यांनी बिनतारी संचावरून माघारीचा विषय काढला तेव्हा, जावेच लागत असेल तर जा, अशी संमती देऊन दोन कंपन्या तेवढ्या पाठवल्या. त्या रात्री उशिरा पोहोचल्या आणि त्यांतली एक धावपट्टीच्या अगदी जवळ जाऊनही मागे फिरली.

माझ्या नियमांत २३वी बटालियन माझ्या हातात नसते. प्रकाशगोळ्यांच्या संकेतासाठी फासा टाकायचा. त्या फेरीत जवळपास बाँबहल्ला झाला असेल तर तो दिसण्याची शक्यता फार कमी होते. संकेत न दिसल्यास ब्रिगेडच्या तक्त्यावर आणखी एक फासा पडतो, आणि त्या तक्त्यातील बहुतेक ओळी 'जागीच थांबा' असे सांगतात. ज्या क्वचित डावांत २३वी बटालियन दुपारी निघते, त्या डावांत टेकडी जवळजवळ नेहमी राहते, कारण पश्चिमेकडील जर्मन गट संध्याकाळपर्यंत दमलेले आणि दारूगोळा संपत आलेले असतात. श्टुडेंट यांनीही युद्धानंतर असेच काहीसे मान्य केले, की त्या रात्री जोरदार प्रतिहल्ला आला असता तर मालेमेतील त्यांची माणसे टिकणे कठीण होते. म्हणजे धावपट्टी वाचवणारा निर्णय टेकडीवर घ्यायचा नव्हताच. तो प्लाटानियासमध्ये, दुपारी, ज्याच्याकडे ताजे सैन्य होते त्याने पुढे येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यायचा होता.

या पद्धतीवर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे: शेजारची बटालियन तक्त्यावर, शत्रू तक्त्यावर, स्वतःच्या कंपन्या पालथ्या, मग खेळाडूने करायचे काय? माझे उत्तर असे की त्याने नेमके तेच करायचे, जे बटालियन प्रमुखाच्या हातात असते. राखीव पलटण कुठे ठेवायची, निरोप्या आता पाठवायचा की अंधार पडल्यावर, दोन रणगाडे सकाळीच वापरायचे की संध्याकाळपर्यंत राखायचे, ब्रिगेडशी संपर्क असलेल्या एखाद्या फेरीत तो मौल्यवान वेळ कुमक मागण्यात घालवायचा की तोफखान्याला लक्ष्य सांगण्यात. हे निर्णय संख्येने थोडे असले, तरी प्रत्येकाला किंमत असते. निरोप्या लवकर पाठवणे हा त्यांतील सर्वांत कमी लेखला जाणारा निर्णय आहे. दुपारीच दोन्ही पुढच्या कंपन्यांकडे माणसे धाडली आणि त्यांतला एक जरी परत आला, तरी रात्रीचा ढीग निम्माच अंधारात राहतो. ज्यांना प्रत्येक सोंगटी स्वतःच्या बोटांनी हलवायची असते त्यांना ही पद्धत आवडणार नाही, आणि त्यांच्यासाठी मूळ खेळ चांगला आहेच.

किनाऱ्याचा प्रश्नही असाच, मागाहून मिळालेल्या ज्ञानाचा आहे. फ्रायबर्ग यांना समुद्रमार्गे येणाऱ्या हल्ल्याची मोठी चिंता होती, आणि त्यामुळे किनाऱ्यावर बांधून ठेवलेले सैन्य मालेमेला मिळाले नाही. आजच्या खेळाडूला ठाऊक असते की २१ मेच्या रात्री ब्रिटिश नौदलाने जर्मनांना घेऊन येणाऱ्या लहान गलबतांचा ताफा उधळून लावला. हे ज्ञान पुसता येत नाही, म्हणून मी शक्यताच खरी केली: फेरीच्या चिठ्ठ्यांत एक समुद्री हल्ल्याची चिठ्ठी टाकली, जी बहुतेक डावांत निघत नाही, पण निघाली आणि किनारा रिकामा असला तर डाव तिथेच संपतो. तेवढ्याने किनाऱ्यावरच्या तुकड्या हलवण्यापूर्वी थबकायला होते.

नकाशावरील एका घराविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मालेमेच्या आग्नेयेला कोंडोमारी हे गाव आहे. खेळात ते बचावाला थोडा आधार देणारे एक घर आहे, आणि तेवढेच. क्रीटच्या सामान्य लोकांनी, मिळेल त्या जुन्या बंदुकांनी आणि शेतीच्या अवजारांनी, उतरणाऱ्या छत्रीसैनिकांचा प्रतिकार केला होता. लढाई संपल्यावर, २ जून १९४१ रोजी, सूड म्हणून जर्मन छत्रीसैनिकांनी कोंडोमारीतील पुरुषांना ऑलिव्हच्या बागेत नेऊन गोळ्या घातल्या, आणि दुसऱ्याच दिवशी कांडानोस हे गाव लोकांना ठार मारून जमीनदोस्त केले. स्थानिक प्रतिकाराचा नियम मूळ खेळात आहे: फासा चांगला पडला तर विखुरलेला जर्मन गट एक पायरी दुबळा होतो. हा नियम मी वापरते, कारण तो खरा आहे आणि ती माणसे त्या लढाईत होती. परंतु छत्रीसैनिकांच्या बाजूने बसून त्या घरातून पुढे सरकणे मला जमत नाही, आणि बचावाची बाजू घेण्यामागे हेही एक कारण आहे, ते खेळाच्या रचनेशी संबंधित नसले तरी.

प्रत्यक्ष मांडणीविषयी थोडेसे. डाव एका बैठकीत संपत नाही, म्हणून नकाशावर पारदर्शक प्लास्टिकचा ताव ठेवून तो दिवसेंदिवस मांडलेला राहतो. प्रत्येक फेरीनंतर मी वहीत दोन-चार ओळी लिहिते, परंतु फक्त तेवढेच, जे त्या फेरीत टेकडीवरील मुख्यालयाला कळले असते. पहाटे चकत्या उलटल्यावर या ओळी वाचल्या की माहिती आणि समज यांतील अंतर दिसते. आदल्या संध्याकाळी 'डी कंपनी बहुधा संपली' असे लिहिलेले असते, आणि ढीग उलटल्यावर तिच्या नऊ चकत्यांपैकी सहा कोऱ्या निघतात.

सध्या माझे काम दुसऱ्या रात्रीवर चालू आहे. २१ मेच्या रात्री धावपट्टी परत घेण्यासाठी २०वी बटालियन आणि माओरी सैनिकांची २८वी बटालियन यांनी प्रतिहल्ला करायचे ठरले होते. परंतु २०व्या बटालियनला आपली किनाऱ्यावरची जागा सोडण्यापूर्वी तिथे ऑस्ट्रेलियन बटालियन येऊन पोहोचेपर्यंत थांबायचे होते, ती हवाई हल्ल्यांमुळे उशिरा पोहोचली, आणि हल्ला सुरू व्हायला पहाटेचे साडेतीन वाजले. वाटेतल्या घरांतून आणि बागांतून जर्मनांना हुसकावत जाताना उजाडले, आणि उजेड पडताच विमाने आली. इथे चकत्यांची गरज नाही. इथे वेळेची गरज आहे. म्हणून रात्रीचे तास मी लहान फेऱ्यांत तोडले आहेत, आणि ऑस्ट्रेलियन बटालियनची वाट न पाहता निघायची मुभा खेळाडूला दिली आहे. तसे निघाल्यास समुद्री हल्ल्याची चिठ्ठी पिशवीत असेपर्यंत किनारा उघडा पडतो. वाट पाहणे आणि निघणे या दोन्हींना किती किंमत लावावी, हे अद्याप माझ्या मनासारखे बसलेले नाही. सध्या लवकर निघणारा खेळाडू वाजवीपेक्षा जास्त वेळा धावपट्टीपर्यंत पोहोचतो, तेव्हा वाटेतील जर्मन गटांच्या संख्येत आणि पिर्गोसभोवतालच्या घरांच्या आडोशात मला वाढ करावी लागेल.